बँकेतली माणसं चिडलेली का असतात? काउंटरच्या आतल्या तक्रारी कुठून येतात, समजून घ्या

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या किंवा मोठ्या गावातल्या कुठल्याही बँकेत गेलं की चित्र जवळपास एकच दिसतं. दारापर्यंत रांग, पासबुक छापायचं मशीन बंद, दोन खुर्च्या रिकाम्या, आणि जो एक कॅशियर बसलाय तो मान वर करायला तयार नाही. 'लिंक नाही', 'साहेब मीटिंगला गेलेत', 'उद्या या'. एका दिवसाचा रोज बुडवून आलेला माणूस चिडतो, आतला माणूसही चिडतो, आणि दोन-चार शब्द झाले की रांग तशीच पुढे सरकते.

गिऱ्हाईकाच्या तक्रारी गावात सगळ्यांना पाठ आहेत. पण काउंटरच्या आत बसलेल्याच्याही तक्रारी असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ त्या शाखेत नसतंच. निर्णय वर होतो, बोलणी खाली खावी लागतात. बँकेतल्या नाराजीचा मोठा भाग या एका गोष्टीतून येतो. सगळे बँकवाले बिचारे आहेत असं नाही. कामचुकार, तुसडे आणि दलालांशी संगनमत करणारेही असतात, ते लोकांना माहीत आहे. पण पीककर्ज, विमा, अनुदान, निराधारचे पैसे हे सगळं त्याच टेबलावरून जातं. ते टेबल का अडतं हे कळलं तर निदान भांडण योग्य जागी करता येतं.

खाती वाढली, माणसं घटली

सरकारी बँकांत २०१३ साली मिळून सुमारे ८ लाख ८६ हजार कर्मचारी होते. २०२४ साली ते ७ लाख ४६ हजारांवर आले. बँक कर्मचारी संघटनांनी हे आकडे मांडले आहेत. यात अधिकारी कमी झालेले नाहीत, उलट वाढलेत. घटले ते लिपिक आणि शिपाई. लिपिक जवळपास ४ लाख होते, ते अडीच लाखांच्या आत आले. शिपाई आणि सफाई कर्मचारी दीड लाखाच्या वर होते, ते ९४ हजारांवर आले. म्हणजे नेमका रांगेसमोर बसणारा आणि कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा माणूस कमी झाला.

१९ जुलै १९६९ ला १४ आणि १५ एप्रिल १९८० ला आणखी ६ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर खेड्यापाड्यात शाखा निघाल्या आणि मोठी भरती झाली. ती पिढी गेल्या दहा-पंधरा वर्षांत निवृत्त झाली. त्यांच्या जागी तेवढी माणसं आली नाहीत. एटीएम आणि मोबाईल आले, आता माणसं कशाला, असा वरचा हिशेब. शहरात तो काही प्रमाणात जमलाही. खेड्यात मात्र काम उलट वाढलं.

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि ५० कोटींच्या वर खाती निघाली. मग पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, पीक विमा, अतिवृष्टीची मदत, निराधार, घरकुल, शिष्यवृत्ती, सगळं थेट खात्यावर. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आधार लिंक करायला बायकांच्या रांगा रस्त्यापर्यंत गेल्या होत्या, ते कुणी विसरलेलं नाही. योजना मुंबईत किंवा दिल्लीत जाहीर होते, तारीखही तिथेच ठरते. गावातल्या शाखेला त्यासाठी एक जादा माणूस मिळत नाही.

लहान शाखेत एक मॅनेजर, एक अधिकारी, एक-दोन लिपिक आणि नशीब असेल तर एक शिपाई. बँकेचा नियम असा की एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची. तिजोरीलाही दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे. हा नियम चांगला आहे, लोकांच्या पैशासाठीच आहे. पण चारांतला एक आजारी पडला आणि एक मीटिंगला गेला की शाखा लंगडी होते. म्हणून रजा नाकारल्या जातात. घरात लग्न, आईचं ऑपरेशन, मुलाचा ताप, काही असो, 'तुझ्या जागी कोण?' हा प्रश्न आधी येतो. गंमत अशी की रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, की नाजूक कामावरच्या माणसाला वर्षातून एकदा किमान दहा कामाचे दिवस सलग आणि न सांगता सक्तीची रजा द्यायची, म्हणजे त्याने काही घोळ केला असेल तर बाहेर येतो. एका बाजूला सक्तीची रजा, दुसऱ्या बाजूला मागितलेली मिळत नाही.

'चार वाजता शटर ओढतात आणि मजा करतात' असं गावात बोललं जातं. शटर ओढल्यावर रोकड जुळवणं, चेक, कर्जाच्या फायली, एटीएम, वरून मागवलेले तक्ते हे सगळं सुरू होतं. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी सप्टेंबर २०१५ पासून आहे. पाच दिवसांचा आठवडा करावा, त्या बदल्यात सोमवार ते शुक्रवार रोज ४० मिनिटं जादा काम करू, हा प्रस्ताव बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात मान्य झाला. तो अडला सरकारी मंजुरीपाशी. २४ आणि २५ मार्च २०२५ चा देशव्यापी संप पुकारला होता तो या मागणीसाठी आणि भरतीसाठी. बोलणी होऊन तो पुढे ढकलला गेला. 'बँकवाले पगारासाठी संप करतात' हे दरवेळी खरं नसतं. पगारवाढीचा करार ८ मार्च २०२४ ला, १७ टक्के वाढीसह, आधीच झाला होता.

विमा घ्या, पेन्शन घ्या

कर्ज मागायला गेलं की विम्याची पॉलिसी गळ्यात मारतात, ही गावाची जुनी तक्रार. आतली तक्रारही हीच आहे, फक्त दुसऱ्या टोकाकडून. शाखेला ठेवी आणि कर्जाचं टार्गेट असतंच. त्यावर जीवन विमा, आरोग्य विमा, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड, अटल पेन्शन, वीस रुपयांचा अपघात विमा, ४३६ रुपयांचा जीवन विमा, प्रत्येकाचा वेगळा आकडा. आज अमुक योजनेचा 'खास दिवस', संध्याकाळपर्यंत इतके अर्ज झालेच पाहिजेत, असा निरोप सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. संध्याकाळी व्हिडिओ मीटिंगमध्ये ज्या शाखेचा आकडा शून्य तिच्या मॅनेजरला शंभर जणांसमोर बोललं जातं.

मग होतं काय, की अडलेल्या माणसालाच धरलं जातं. पीककर्जाचं नवं-जुनं करायला आलेला शेतकरी नाही म्हणू शकत नाही. काही ठिकाणी न विचारता खात्यातून हप्ता कापला गेल्याच्याही तक्रारी होतात. असं करणं चूकच आहे. पण ते करणारा क्लार्क स्वतःच्या खिशासाठी करत नसतो, बहुतेक वेळा तो वरचा आकडा भरत असतो. आणि तक्रार झाली तर चौकशी त्याची होते. टार्गेट देणाऱ्याने लेखी काहीच दिलेलं नसतं.

पीककर्ज: दोन्हीकडून मार

खेड्यातल्या बँकेत सगळ्यात अवघड टेबल हे कर्जाचं. जून जवळ आला की जिल्हाधिकारी कार्यालयात बैठका होतात, कुठल्या बँकेने पीककर्जाचं उद्दिष्ट किती टक्के पूर्ण केलं याचा हिशेब घेतला जातो. कमी असलेल्या बँकांना नोटिसा, पेपरात बातमी, कधी गुन्हा दाखल करण्याचा इशारा. पीककर्जाला सिबिल लावू नका, असं राज्य सरकार बँकांना वेळोवेळी बजावतं. बँकेचं मुख्य कार्यालय मात्र शाखेला सांगतं, थकबाकीदाराला द्याल तर जबाबदारी तुमची. मॅनेजर दोघांच्या मध्ये.

ही 'जबाबदारी' म्हणजे काय? साध्या कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बुडीताच्या वाटेवर. पीककर्जाला वेगळा हिशेब आहे: कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, आणि उसासारख्या वर्षापेक्षा जास्त चालणाऱ्या पिकाला एक हंगाम. खातं एनपीए झालं की ते मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी निघू शकते. सातबारा नीट पाहिला का, शेतावर जाऊन आला का, दुसऱ्या बँकेचा बोजा तपासला का. अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांत होते, कर्ज थकतं पाचव्या वर्षी. तो तेव्हा चारशे किलोमीटर लांब असतो आणि त्याला पत्र येतं की अमुक गावच्या अमुक खात्याबद्दल खुलासा द्या. निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या माणसाला अशा पत्राची सगळ्यात जास्त धास्ती. चौकशी सुरू झाली की हक्काच्या पैशाचं काय होईल, ही भीती.

पाऊस न पडल्याने कर्ज थकलं आणि डोळेझाक केल्याने थकलं, यात फरक करायला हवा, ही अधिकाऱ्यांच्या संघटनांची जुनी मागणी. अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ५० कोटींपर्यंतच्या थकीत कर्जांसाठी, फसवणुकीची प्रकरणं सोडून, जबाबदारी ठरवण्याची एकसारखी पद्धत घालून दिली. ती १ एप्रिल २०२२ पासून थकलेल्या खात्यांना लागू झाली. प्रामाणिक निर्णय घेणाऱ्याला संरक्षण मिळावं, हा तिचा हेतू. तरी शाखेतली भीती पूर्ण गेलेली नाही, आणि ही भीती शेतकऱ्यापर्यंत 'आणखी एक कागद आणा' या रूपात पोचते. नो ड्यूज आणा, फेरफार आणा, सर्च रिपोर्ट आणा. त्यातले काही कागद नियमाने लागतात. काही कागद उद्याच्या चौकशीत दाखवायला म्हणून मागितलेले असतात.

कर्जमाफीच्या वेळी हा ताण आणखी वाढतो. २०१७ च्या आणि २०१९ च्या माफीत याद्या शाखांनी भरल्या, चुका काही पोर्टलच्या, काही आधारच्या, काही शाखेच्या. यादीत नाव नाही म्हटल्यावर लोक आले ते शाखेतच. आंध्र प्रदेशातल्या कृष्णा जिल्ह्यात तर डिसेंबर २०२० मध्ये सरकारी योजनेची कर्जं मंजूर केली नाहीत म्हणून काही बँकांच्या दारात कचरा आणून ओतला होता. आपल्याकडचं सौम्य उदाहरण लाडकी बहीणचं. किमान शिल्लक नाही किंवा जुनी थकबाकी आहे म्हणून काही खात्यांतून पैसे वळते झाले, कारण तो सगळा हिशेब कॉम्प्युटर आपोआप करतो. सरकारने बँकांना तसं करू नका म्हणून सांगितलं. तोवर बायकांचा राग काउंटरवरच्या मुलीने झेलला, जिच्या हातात ते पैसे थांबवायचं बटणच नव्हतं.

सगळ्यात कडू अनुभव जिल्हा बँकांचा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली आणि १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला बंदी केली. गावात दुसरी बँक नाही, खातं जिल्हा बँकेत, आणि तीच बँक नोट घेईना. हा निर्णय शाखेतल्या लिपिकाने घेतला नव्हता, पण शिव्या त्यानेच खाल्ल्या.

कॅशियरचा खिसा

हे फार लोकांना माहीत नसतं. संध्याकाळी रोकड कमी भरली तर फरक कॅशियरला स्वतःच्या पैशातून भरावा लागतो. गर्दीत पाचशेची एक नोट जास्त गेली, तर पाचशे रुपये गेले. दहा हजारांचं बंडल चुकलं तर दहा हजार गेले. बाजाराच्या दिवशी कॅशियर बोलत नाही, वर पाहत नाही, त्यामागे बऱ्याचदा हीच धास्ती असते.

खोट्या नोटेचंही तसंच. भरण्यात खोटी नोट आली तर ती परत द्यायची नाही, शिक्का मारून जप्त करायची आणि पावती द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम. एकाच भरण्यात पाच किंवा जास्त नोटा सापडल्या तर पोलिसात गुन्हा नोंदवावा लागतो. 'आमची नोट परत द्या' म्हणून भांडणारे बरेच असतात, पण ती परत देण्याचा अधिकार कॅशियरला नाही.

लांबची बदली आणि भाषा

अधिकाऱ्याची बदली देशात कुठेही होऊ शकते, लिपिकाची साधारण आपल्या भागात. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या राज्यात, म्हातारे आईवडील तिसरीकडे, अशी घरं बँकेत पुष्कळ. बदलीच्या अर्जावर निर्णय कधी आणि कशावर होतो हे न कळणं, ही तक्रार बदलीपेक्षा मोठी असते. ओळखीवाल्याची झाली, माझी नाही, अशी कुजबूज प्रत्येक बँकेत चालते. महिला कर्मचाऱ्यांना भाड्याच्या जुन्या इमारतीतल्या शाखेत नीट स्वच्छतागृहसुद्धा मिळत नाही, अशी स्थिती खेड्यात काही ठिकाणी आहे.

भाषेचं भांडण यातूनच निघतं. उत्तरेकडून आलेला तरुण अधिकारी मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या गावात बसवला जातो. त्याला मराठी येत नाही, म्हाताऱ्या बाईला हिंदी येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकांत मराठीच्या मुद्द्यावर आंदोलनं झाली, तेव्हाही वाद त्या समोरच्या पोराशीच झाला. लिपिक भरतीत स्थानिक भाषेची अट असते. मराठी न येणाऱ्याला खेड्यात काउंटरवर बसवायचं, हे वरच्या कार्यालयाने ठरवलेलं असतं.

एकाच टेबलावर दोन नियम

१ एप्रिल २०१० किंवा त्यानंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नाही, बाजारावर अवलंबून असलेली नवी योजना. आधी लागलेल्याला जुनी. शेजारी शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांचं म्हातारपण वेगळं. ग्रामीण बँकांच्या कर्मचाऱ्यांना तर व्यापारी बँकांसारखी पेन्शन मिळायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०१८ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

विलीनीकरणाने आणखी भर घातली. २०१७ साली सरकारी बँका २७ होत्या, एप्रिल २०२० नंतर १२ उरल्या. देना, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या पाट्या उतरल्या. राज्यातल्या दोन ग्रामीण बँकाही १ मे २०२५ पासून एक झाल्या. दोन बँका एक झाल्या की कॉम्प्युटरची पद्धत बदलते, खातेनंबर आणि आयएफएससी बदलतात, ज्येष्ठतेची यादी नव्याने लागते. 'आपण त्या बँकेचे, हे या बँकेचे' ही भावना काही वर्षं जात नाही.

खाजगी बँकांचं दुखणं वेगळं. तिथे तक्रार करण्यापेक्षा माणूस नोकरीच सोडतो. खाजगी आणि लघु वित्त बँकांत वर्षाला साधारण २५ टक्के लोक नोकरी सोडतात, अशी नोंद रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या डिसेंबरमधल्या अहवालात केली आणि तो कामाचा धोका असल्याचं म्हटलं. बचत गटाच्या वसुलीला येणारा मुलगा दर सहा महिन्यांनी बदलतो, तो याचमुळे.

तक्रार करायची कुठे

लिपिक आणि शिपाई कायद्याच्या भाषेत 'कामगार'. त्यांच्यामागे संघटना, केंद्र सरकारचे कामगार आयुक्त आणि औद्योगिक न्यायाधिकरण आहे. २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे असावेत, असा नियम कायद्यात आहे. अधिकाऱ्याला हा रस्ता नाही. तो कामगारात मोडत नाही, म्हणून बँकेअंतर्गत अर्ज, अपील, नाहीतर उच्च न्यायालय. बाहेरून सगळ्यात मोठा दिसणारा शाखेतला साहेब तक्रारीच्या बाबतीत शिपायापेक्षा लंगडा असतो, तो असा. लैंगिक छळाची तक्रार मात्र हुद्दा काहीही असो, २०१३ च्या कायद्याखालच्या समितीकडे करता येते.

सगळ्यात खाली बँक मित्र. गावात अंगठा घेऊन पैसे देणारा तो मुलगा बँकेचा नोकर नाही. त्याला पगार नाही, कमिशन आहे, तेही बहुधा मधल्या कंपनीमार्फत. मशीन बिघडलं किंवा पैसे अडकले तर गाव त्याच्या घरी जातं. दारोदार फिरणाऱ्या पिग्मी एजंटांचीही अशीच स्थिती होती. ते कामगारच आहेत आणि त्यांचं कमिशन ही मजुरीच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. बँक मित्रांना अजून तसा आधार मिळालेला नाही.

खातेदारांसाठी दोन गोष्टी. सरकारी बँकेतला कर्मचारी कायद्याने लोकसेवक धरला जातो. कामावर असताना त्याच्या अंगावर हात टाकला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा लागतो. जुनं ३५३ म्हणतात ते हेच. रागाच्या भरात कॉलर धरून वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करणारे लोक तालुक्यात सापडतील. आणि न विचारता विमा कापला, विनाकारण खात्याला होल्ड लावला, अर्ज घेऊन पोच दिली नाही, अशी तक्रार असेल तर ती आधी शाखेत लेखी द्यावी, पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत जाता येतं; माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. लोकपाल बँकेतल्या कर्मचाऱ्याची बँकेविरुद्धची तक्रार घेत नाही. ती वाट फक्त खातेदारासाठी आहे.